भिंत पाझरते, असं म्हणतात

गावात त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. बटण दाबलं की सुरू, आणि मधेच बंद करायची सोय नाही. गळ्यात देवस्थानच्या ओळखपत्राची मळकी दोरी, हातात मिटलेली छत्री. ती छत्री कधी उघडलेली कुणी पाहिली नव्हती. गर्दीत ती उंच धरायची आणि चालायला लागायचं, की मागून त्याची माणसं मेंढरांसारखी यायची. "छत्रीकडे बघा मंडळी, माझ्याकडे बघू नका, मी काही बघण्यासारखा नाही!" हे त्याचं पहिलं वाक्य. यावर हशा पिकला की मंडळी आपली झाली असं समजायचं. नाही पिकला, तर बसमध्ये भांडण झालेलं आहे असं समजायचं.

देवळासमोर रोज बसगाड्या लागायच्या आणि दारं उघडली की तीच ती माणसं नवे कपडे घालून उतरायची. पाय जमिनीला लागायच्या आत "बाथरूम कुठंय?" विचारणारे. त्यांच्यामागून "दर्शनाला किती वेळ?" विचारणारे, जणू देव केस कापून देणार आहे. मग निवृत्त साहेब. हात पाठीमागे, मान वर, शिखराची तपासणी चाललेली.

"काय हो, साल कोणतं हे?"

"साहेब, सालं मोजायला लागले त्याच्या आधीचं."

"म्हणजे अंदाजे?"

"अंदाजेच आधीचं."

आणि मावशी. प्रत्येक बसमध्ये एक मावशी असायचीच. ती त्याला बाजूला घेऊन हळूच विचारायची, "अहो, इथं मागितलेलं नक्की मिळतं ना? नाही, मागच्या ठिकाणी काही गुण आला नाही, म्हणून विचारलं."

संध्याकाळी घरी गेला की रेडिओ या सगळ्यांना ताईपुढे उभं करायचा. साहेबांची मान, मावशीची कुजबुज, फोटो काढणारं नवं जोडपं: "थोडी डावीकडे हो ना गं, देव येत नाहीये!" ताई काजं करत बसलेली असायची. हसता हसता तिच्या सुईतून दोरा निसटायचा. मग ती म्हणायची, "पुरे रे शहाण्या, बोटात सुई घुसवशील माझ्या."

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा तो पाटीवर रेघोट्या ओढत होता, आणि ताईला एक स्थळ आलेलं होतं. ते स्थळ त्या गडबडीत कुठं गेलं ते कुणी विचारलं नाही, ताईनंही नाही. फोटोंना काचा बसवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या, खाली दिवसभर ठकठक, वर ताई खिडकीशी. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शाळेच्या गणवेशाचे सदरे गठ्ठ्यानं यायचे. ताई त्यांना काजं करायची, बटणं लावायची. त्यावर रेडिओ वाढला, शाळेत गेला, नापास झाला, पुन्हा गेला. बोलायला मात्र त्याला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

आता त्या भिंतीचं.

देवळाच्या मागच्या अंगाला एक बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरकायचं, एवढीच रुंदी. एका बाजूला देवळाची भिंत, आणि तिला खेटून वर भक्तनिवासाची गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी. टाकीच्या पाइपाचा जोड ढिला, त्यामुळं भिंतीचा एक पट्टा कायम ओला. शेवाळ धरलेला, हात लावला तर गार. त्या बोळातून रेडिओ माणसं न्यायचा ती एवढ्यासाठीच, की तिथं सावली होती आणि रांग पुढं सरकेपर्यंत मंडळींना कुठंतरी उभं करायला हवं होतं.

एका दुपारी अशाच एका मावशीनं विचारलं, "इथं ओल कशी हो?"

टाकी गळते, असं सांगता आलं असतं. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आपण टाकीची गळती दाखवायची? गाईडच्या जिभेला ते जमत नाही. शिंप्यानं उसवलेलं दाखवल्यासारखं ते. रेडिओनं छत्री भिंतीला टेकवली, आवाज खाली आणला आणि तो बोलत गेला. ज्या पाथरवटानं ही भिंत रचली त्याची म्हातारी आई होती. लेकाची वाट बघून बघून तिचे डोळे गेले. देऊळ पुरं झालं, सगळ्यांनी देव पाहिला, तिला कोण दाखवणार? ती मागच्या बाजूला आली आणि लेकाच्या हातची भिंत चाचपत तिनं डोळे दगडाला टेकवले. आणि भिंत रडली. त्या पाण्यानं म्हातारीचे डोळे उघडले, ते आजतागायत दगडाला पाझर आहे.

"असं म्हणतात," तो शेवटी म्हणाला.

हा 'म्हणतात' त्याच्या धंद्याचा खरा मालक. 'पोथीत आहे' म्हटलं की कुणीतरी पोथी विचारतो. 'मी सांगतो' म्हटलं तर तू कोण? 'म्हणतात' म्हटलं की सगळे माना डोलावतात. कोण म्हणतात, हे इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं.

त्या मावशीनं डोळे भिंतीला टेकवले. मागच्या दोघींनी टेकवले. साहेबांनीसुद्धा, कुणी बघत नाही असं पाहून, चष्मा काढला.

पुढं ते रेडिओच्या हातात राहिलं नाही. बाकीचे गाईड सांगायला लागले. पोपट नावाचा एक जाडा गाईड होता. आधी तो रिक्षा चालवायचा आणि दुसऱ्याचं वाक्य ऐकलं की ते स्वतःचं करून सोडायचा. त्यानं त्यात म्हातारीचं रडणं घातलं, सुरात. बोळाच्या तोंडाशी रिकाम्या बाटल्या विकणारे बसले. देवस्थाननं पाटी लावली, 'नेत्रतीर्थ, रांगेचा फायदा घ्यावा'. एवढी कपाळं टेकली की दगड गुळगुळीत झाला. रेडिओला मजा वाटायची. "आपलं बाळ आहे हे," तो पोपटाला म्हणायचा, "आणि बारसं मात्र देवस्थाननं केलं!"

मग ताई दाराच्या चौकटीला धडकायला लागली.

आधी खांदा. मग कपाळ. मग एका सदऱ्याला बटणं एका ओळीत आणि काजं दुसऱ्याच ओळीत आली आणि शिंप्यानं गठ्ठा परत पाठवला. "दिव्याभोवती कडी दिसतात रे," ती म्हणाली. "रंगीत. छान दिसतात तशी." रेडिओनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढलाय. नजर कडेकडेनं जाते, त्यामुळं गेली तरी लवकर कळत नाही. गेलेली परत येणार नाही, उरलेली टिकवायची. रोज थेंब घालायचे, एकदाही चुकवायचे नाहीत.

रस्त्यानं येताना ताई म्हणाली, "लोकांना बघ मोतीबिंदू होतो. मोती तरी असतो नावात. माझ्या वाट्याला काच."

तो हसला, तीही हसली. ते शेवटचं एकत्र हसणं असावं असं काही तेव्हा वाटलं नाही.

थेंब चुरचुरायचे. आणि फरक काहीच पडायचा नाही. पडणारच नव्हता, टिकवणं दिसत कुठं? रेडिओ सकाळी छत्री घेऊन बाहेर पडायचा, संध्याकाळी विचारायचा, "घातलेस?" ती म्हणायची, "हो रे बाबा." एक दिवस सुई शोधताना फळीवर बाटली सापडली. तिच्यावर धूळ होती आणि ती जवळजवळ भरलेली होती.

"ताई, हे काय?"

"सोडलं मी ते. आग होते नुसती. पाणी लावते ना."

"कसलं पाणी?"

"वेड पांघरू नकोस. तुझ्या भिंतीचं. दुपारी जाऊन येते, तू जेवायला थांबतोस तेव्हा. काय गार वाटतं म्हणून सांगू!"

"ताई, ती टाकीची गळती आहे."

"श्श! असं बोलू नये."

"अगं, गोष्ट मी बनवलीय. मी! एका मावशीला काहीतरी सांगायचं म्हणून."

ताईनं त्याच्याकडं पाहिलं. म्हणजे आवाजाच्या अंगाला तोंड वळवलं आणि मग थोडं शोधून त्याचा चेहरा पकडला. आणि हसायला लागली. "तू बनवलीस? गाईवर निबंध सांगितला तर माझ्याकडून लिहून घेणारा तू? एवढी म्हातारी, तिचा लेक, हे सगळं तुझ्या डोक्यातून? जा रे."

"आईशप्पथ."

"आईची शप्पथ कशाला घालतोस खोट्यासाठी?" आता तिचा आवाज चढला. "तुझ्या तोंडून देवानं वदवून घेतली असेल. तुला काय कळणार, तू नुसता रेडिओ."

दुसऱ्या दिवशी तो तिला भक्तनिवासाच्या गच्चीवर घेऊन गेला. जिना चढताना ती एकेक पायरी पायानं चाचपत होती. त्यानं तिचा हात धरून ढिल्या जोडावर ठेवला. गंज, ओल, ठिबकणारं पाणी. "हे बघ. इथून जातं खाली. दुसरं काही नाही."

ताईनं ओली बोटं डोळ्यांना लावली. "यायला काहीतरी वाट लागतेच ना रे. तुझ्याही गोष्टी तुझ्या तोंडातूनच येतात की."

गावभर ज्याच्या बोलण्यावर माणसं डोळे मिटून भिंतीला टेकत होती, त्याला घरातल्या एका बाईला खरं पटवता येईना. तो ओरडला, हात जोडले, डॉक्टरीणबाईंची नक्कल करून त्यांच्या आवाजात रागावून पाहिलं. नक्कल चांगली झाली, म्हणून ती हसली. बस.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिच्या उजव्या डोळ्यासमोर दिवा धरला, हलवला, आणि खाली ठेवला. "हा संपला," त्या म्हणाल्या. डाव्यात मधोमध थोडंसं उरलं होतं. नळीतून बघावं तसं. "औषध बंद केलं होतं का?" त्यांनी रेडिओला विचारलं. तो छत्रीची मूठ चोळत राहिला. "तुम्हीच ना ते, छत्रीवाले? तुमच्या त्या भिंतीपायी माझ्याकडं येणारे निम्मे होतात."

त्या दुपारी रेडिओनं एक काम केलं. औषधाची बाटली कोमट पाण्यात बुडवून तिच्यावरचा कागद नखानं खरवडून काढला. बाटली पुसली, रुमालात गुंडाळली आणि ताईसमोर बसला. आवाज खाली आणला.

"ताई, पुजारीकाकांनी दिलंय. कुणाला सांगू नकोस. भिंतीला बाहेरून जे येतं ते सगळ्यांचं. आतून, गाभाऱ्याच्या अंगानं, पहाटेची पहिली धार येते, ती वेगळी. म्हातारीच्या डोळ्याला लागली ती हीच. भिंतीला डोळा टेकवायचा नाही मग, हे नुसतं दोन थेंब. असं म्हणतात."

ताईनं दोन्ही हात पुढं केले आणि बाटली कपाळाला लावली.

त्यानं थेंब घातले. तिनं डोळे घट्ट मिटले. "चुरचुरतं रे. अगदी त्या औषधासारखं."

"पहिली धार कडक असते."

मग ते रोजचं झालं. सकाळी छत्री उचलायच्या आधी, संध्याकाळी चपला काढल्यावर. बाटली संपली की नवी, नवीचा कागद खरवडायचा. त्याची बोटं यात अशी तयार झाली की कागदाचा तुकडा राहायचा नाही. डाव्या डोळ्यातली ती नळी होती तेवढीच राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टिकलंय. असंच चालू ठेवा." रेडिओला वाटलं, जमलं. आयुष्यात एकदा आपलं तोंड कामी आलं.

पण ताईचं तोंड त्यानं हिशेबात धरलं नव्हतं.

काजं-बटणं सुटल्यावर तिला दिवस खायला उठायचा. ती त्याच्याबरोबर देवळाकडं यायला लागली, बोळाच्या तोंडाशी दगडी पायरीवर बसायला लागली. आधी नुसती बसायची. मग कुणीतरी विचारायचं, "आजी, काही गुण येतो का हो?" आणि ताई सांगायची. पहिल्या धारेचं गुपित तिनं पाळलं, शब्दाची पक्की होती ती. बाकीचं मात्र सगळं तिच्या लेखी खरं, स्वतःचं, जसं घडलं तसं सांगायची. उजवा आधीच गेला, कारण मी औषधाच्या नादी लागले होते. मग औषध सोडलं, याची कास धरली, डावा राहिला. "हे बघा, तुमच्या अंगावर निळं आहे. आहे की नाही?"

असायचंच.

तिच्या बोलण्यात 'म्हणतात' नव्हतं. 'माझे डोळे' होतं. रेडिओची गोष्ट ऐकून लोक कपाळ टेकायचे, फोटो काढायचे आणि जेवायला जायचे. ताईचं ऐकून ते पिशवीत हात घालायचे आणि छोट्या छोट्या बाटल्या बाहेर काढायचे. पायरीशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात त्या पडलेल्या रेडिओ बघायचा. तशाच बाटल्या. फक्त यांच्यावरचा कागद शाबूत असायचा.

तो बघायचा आणि छत्री वर करून पुढं जायचा. काय करणार? इथं खरं सांगितलं तर ताई उद्यापासून थेंब घालू देणार नाही. आणि नाही सांगितलं तर डबा भरतोय. संध्याकाळच्या नकला बंद झाल्या. ताई म्हणायची, "काय रे, आज कुणी साहेब आले नाहीत का?" तो म्हणायचा, "आले होते. तसलेच."

असं किती काळ चाललं असतं कुणास ठाऊक. पण एक दिवस एक बाई आली, बरोबर शाळेच्या वयाची मुलगी. मुलीला खेळताना डोळ्याला मार बसला होता, आत दाब वाढला होता. ती गर्दीकडं तिरकी मान करून बघत होती, ताई आताशा बघायची तशी. बाई पायरीवर ताईजवळ टेकली आणि पिशवीतून बाटली काढली.

"मग हे थांबवू का आजी? रोज रडते हो ती घालताना. चुरचुरतं म्हणते."

ताईनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला. रेडिओ त्याच वेळी मंडळी घेऊन बोळातून बाहेर पडत होता. त्याच्या चपलांचा आवाज तिला कळायचा. "हा बघ माझा भाऊ. सगळं याला ठाऊक आहे. सांग रे हिला. थांबवू दे ना?"

मंडळी थांबली. पोपटही त्याची बस घेऊन मागं उभा होता, नवं काही मिळतंय का म्हणून कान टवकारून. मुलीनं मान तिरकी करून त्याच्याकडं पाहिलं.

"औषध सोडायचं नाही," रेडिओ म्हणाला. जीभ आपसूक कामाला लागली होती. "म्हातारीचंही वैद्याकडचं अंजन चालू होतं. ज्यानं औषध सोडलं त्याच्या डोळ्याला हे पाणी लागत नाही. उलटं होतं. असं म्हणतात."

"हो का?" बाई म्हणाली आणि बाटली परत पिशवीत ठेवली.

किती सोपं होतं. मंडळींनी माना डोलावल्या. पोपटाचे ओठ हलले, पाठ करत होता. रेडिओनं छत्री वर केली.

"मग मला कसं लागलं?" ताई म्हणाली.

तिनं मोठ्यानं विचारलं नव्हतं. स्वतःशीच विचारल्यासारखं.

"मी तर सोडलंय ना औषध. मला कसं लागलं रे?"

तो उभा राहिला, आणि ताईला जे कळायचं ते त्या गप्प राहण्यातूनच कळलं. तिनं बोट डाव्या डोळ्याला लावलं. "चुरचुरतं," ती म्हणाली. "पहिली धार."

घरी येताना तिनं त्याचा हात धरला नाही, भिंतीभिंतीनं आली. खाली काचवाल्याची ठकठक चालू होती. वर आल्यावर ती खिडकीशी बसली, पूर्वी काजं करायला बसायची तिथं.

"कधीपासून?"

"उजवा गेल्यापासून."

"म्हणजे मी पायरीवर बसायला लागले, त्याच्या आधीपासून."

"हो."

"आणि मी लोकांना सांगत होते ते तू ऐकत होतास."

"ताई, तुझा डोळा—"

"किती जणींनी टाकलं रे औषध? माझं ऐकून?"

"मला काय ठाऊक!"

"मलाही नाही. मला तर त्यांची तोंडंसुद्धा नीट दिसत नव्हती." तिनं खिडकीची चौकट चाचपली. "तू 'म्हणतात' म्हणून सुटलास. मी तर शप्पथ घेऊन सांगत होते."

संध्याकाळी त्यानं बाटली आणली. आता कागद खरवडायची गरज नव्हती. ताईनं डोळे मिटून घेतले, लहान मूल मिटतं तसे, कपाळाला आठ्या पडेपर्यंत.

"ताई, वेडेपणा करू नकोस. हे राहिलंय तेवढं जाईल."

"जाऊ दे."

"का पण?"

"त्यांचे जाणार आणि माझा राहणार? मला नको तसला."

"माझ्यासाठी तरी घाल."

"तुझ्यासाठी आजवर बघितलंच की सगळं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीपासून ती पुन्हा पायरीवर जाऊन बसली. येईल त्याला सांगायला लागली, की औषध सोडू नका, माझं चुकलं, माझा डोळा औषधानंच राहिला होता. हे तिनं जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता. लोक ऐकायचे, एकमेकांकडं बघायचे.

"आजी, तुमचं काम झालं, आता दुसऱ्याला नको का?"

"अगं, स्वतःला गुण आला, मग दुसऱ्याला कशाला सांगेल, तसलं आहे ते. आपल्याला नाही कळू देणार."

"डॉक्टरांनी बसवलं असेल हो इथं. आजकाल काही सांगता येत नाही."

रेडिओही सांगत होता. प्रत्येक बसला, भिंतीपाशी थांबून, औषध सोडायचं नाही असं म्हणतात. एकदा एका साहेबांनी हात पाठीमागे बांधून मान वर केली. "म्हणतात ना? म्हणजे नक्की नाही?" इतक्या वर्षांत त्या शब्दाला पकडणारा तो पहिलाच माणूस. रेडिओ म्हणाला, "मी म्हणतो साहेब. मी." साहेब म्हणाले, "तुम्ही कोण?" आणि भिंतीकडं वळून त्यांनी चष्मा काढला.

एका दुपारी तर तो गच्चीवर गेला, चिंधी आणि तार घेऊन, आणि जोड घट्ट आवळून आला. भिंत वाळली. बोळात रडारड झाली. संध्याकाळच्या आत देवस्थानचा माणूस नळवाल्याला घेऊन वर गेला आणि भिंत पुन्हा पाझरायला लागली, आधीपेक्षा जरा जास्तच.

ताईची नळी बारीक होत गेली. आधी त्याचा चेहरा मावेना, मग नुसतं नाक, मग कपड्याचा रंग. ती कधी सांगायची नाही. त्याला कळायचं ते चहाच्या कपाकडं जाणाऱ्या हातावरून. दिवस मावळला की तो दिवा लावायचा आणि म्हणायचा, "दिवा लावलाय गं." ती उठायची, चाचपत यायची आणि दिव्याजवळ तळवा धरून बघायची, ऊब लागते का. लागली की मगच परत जाऊन बसायची. तो लावलाय म्हणाला म्हणून कधी बसली नाही.

मग तिचं पायरीवर बसणंही थांबलं. तरी कधीमधी देवळाकडं जावंसं वाटलं तर ती त्याचं कोपर धरून यायची. त्या दिवशी ती दोघं बोळाच्या तोंडाशी आली तेव्हा आत गर्दी होती, शिरायला जागा नव्हती, म्हणून कडेला उभी राहिली. पलीकडं पोपट मंडळींपुढं उभा होता. त्यानंही आता छत्री घेतली होती. आवाज खाली आणून, डोळे अर्धे मिटून तो सांगत होता. पाथरवट, म्हातारी, भिंतीचं रडणं. रेडिओला त्यात त्याचे स्वतःचे श्वाससुद्धा ऐकू आले, जिथं तो थांबायचा तिथं पोपट थांबत होता.

"आणि मंडळी, याच पायरीवर एक बाई बसायची. भिंतीनं तिला डोळा दिला. सगळ्यांना निळं, पिवळं ओळखून दाखवायची. पण पुढं तिच्या मनात शंका आली. लोकांना म्हणायला लागली, यात काही नाही, जा, औषध घाला. त्या दिवसापासून जी अंधारी आली, ती गेलीच नाही." पोपटानं छत्री भिंतीला टेकवली. "असं म्हणतात."

मंडळींमध्ये कुणीतरी हळहळलं. एक मावशी पुढं झाली, तिनं डोळे भिंतीला टेकवले. तिच्या मागं रांग लागली.

रेडिओचं कोपर ताईच्या हातात होतं. त्याला ते काढून पुढं जाता आलं असतं. काहीतरी ओरडता आलं असतं. त्याच्या लक्षात आलं, की ओरडलं तर उद्या तेही गोष्टीत येईल.

"कोण बोलतोय रे?" ताईनं विचारलं.

"आहे एक गाईड."

तिनं मान किंचित तिरकी करून ऐकलं. पोपट आता पहिल्यापासून दुसऱ्या मंडळींना सांगत होता, छत्रीकडे बघा, माझ्याकडे बघू नका.

"छान सांगतो," ताई म्हणाली. "अगदी तुझ्यासारखं."